पाडकामाचं पत्र, सहा प्रतींत

जावकरावांनी आयुष्यात एकच बेकायदा काम केलं, आणि तेसुद्धा नगरपालिकेला रीतसर पत्र पाठवून.

जावकराव हे त्यांचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नकोच. चौतीस वर्षं ते एका कचेरीच्या जावक टेबलावर होते. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदावर क्रमांक घालायचा, तो रजिस्टरात चढवायचा, प्रती कुणाकुणाला गेल्या ते लिहायचं, आणि मगच तो कागद जगात सोडायचा. माणूस निवृत्त होतो, पण हात निवृत्त होत नाही. घरी बसल्यावर ते दूधवाल्याला चिठ्ठी लिहीत तीही ‘विषय: उद्या दूध न टाकणेबाबत’ अशी. खाली ‘प्रत माहितीसाठी’ म्हणून बायकोचा उल्लेख असे. बायको तेव्हा शेजारच्या खोलीत भाजी निवडत असे, पण तिला तिची प्रत मिळे.

या बायकोला सगळी गल्ली काकू म्हणे, म्हणून आपणही काकूच म्हणू. काकूंचे गुडघे गेले होते. झोपायची खोली वर, न्हाणीघर वर, आणि मध्ये सतरा पायऱ्या. घर ज्यानं बांधलं त्याला बहुतेक गुडघे हा अवयवच नसावा. संडास तेवढा खाली ठेवला होता, ही त्याची मेहेरबानी. आठ महिन्यांपासून काकू बाहेरच्या खोलीत सोफ्यावर झोपत होत्या. बाहेरची खोली म्हणजे जिचं दार थेट रस्त्यावर उघडतं आणि जिथे सकाळी सात वाजता शेजारी स्वतःचा पेपर वाचून झाला की आपला वाचायला येतात. त्याआधी उठायचं, चादर घडी करायची, उशी सोफ्यामागे कोंबायची आणि रात्रभर आपण इथे नव्हतोच असा चेहरा करून बसायचं. आंघोळीला दिवसातून एकदा वर जायचं, वाटेत दोनदा बसून. 

काकू कुरकुर करणाऱ्यांतल्या नव्हत्या. एकदाच म्हणाल्या, “अहो, मला खाली एक खोली हवी. दार आतून लावता येईल अशी. बाकी काही नको.”

परसात एक जुनं विटांचं बांधकाम उभं होतं. उभं म्हणजे अर्धं उभं. छप्पर कधीच गेलेलं, दोन भिंती आणि तिसरीचा तुकडा. आत मोडक्या खुर्च्या, गंजलेली सायकल आणि एक पेटी, जिची किल्ली हरवल्यामुळे तिच्यात काय आहे याबद्दल घरात आदर होता. सगळे त्याला ‘अडगळ’ म्हणत. ती पाडून तिथे काकूंची खोली बांधायची, असं ठरलं. 

जावकराव ताबडतोब परवानगीचा अर्ज लिहायला बसले. तेवढ्यात शेजारी आले. त्यांना गल्लीत तज्ज्ञ म्हणत. ते कशातले तज्ज्ञ होते हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि त्यामुळे त्यांना कुठलाही विषय वर्ज्य नव्हता.

“परवानगी?” तज्ज्ञ म्हणाले. “अहो, स्वतःच्या परसातली अडगळ काढायला परवानगी? उद्या नखं कापायलाही अर्ज कराल. नवं बांधायला परवानगी लागते. जुनं पाडायला कसली आलीय! आधी पाडा, मोकळी जागा दाखवा, मग अर्ज करा. लगेच मंजूर.”

“पण नियम...”

“नियम मला विचारा.” मग जरा थांबून ते म्हणाले, “विटा चांगल्या आहेत हो. तुम्हाला नको असतील तर माझ्या गुलाबाच्या वाफ्याला होतील.”

या शेवटच्या वाक्यावरून शहाण्या माणसाला सल्ल्याचं मूळ कळलं असतं. जावकरावांना कळलं नाही. शिवाय काकू त्याच वेळी आंघोळीहून उतरत होत्या आणि नवव्या पायरीवर बसल्या होत्या. ते बघून जावकरावांनी अर्ज बाजूला ठेवला. चौतीस वर्षांत पहिल्यांदाच.

गवंडी आला, दोन माणसं घेऊन आला, आणि तीन दिवसांत अडगळ भुईसपाट झाली. विटा खरोखरच चांगल्या होत्या. जाड, तांबड्या, प्रत्येकीवर पानाचा एक ठसा. काही तज्ज्ञांच्या वाफ्याला गेल्या. काही कोपऱ्यावरच्या शिंप्यानं दुकानाच्या पायरीसाठी नेल्या. काही शाळेच्या मुख्याध्यापिका बाईंनी नळाखालच्या ओट्यासाठी मागितल्या. उरलेल्या गवंड्यानं परसातच रचून ठेवल्या. देताना जावकरावांना फार बरं वाटलं. कर्णाला वाटत असेल तसं.

चौथ्या दिवशी मात्र त्यांना जेवण जाईना. 

“पोटात दुखतंय का?” काकूंनी विचारलं.

“नाही. एक गोष्ट घडली आणि तिला क्रमांकच नाही. कुठे नोंद नाही, कुणाला कळवलेलं नाही. घडली की नाही घडली, सांगणार कसं?”

“मोकळी जागा दिसतेय की समोर.”

“जागा दिसते. कागद दिसत नाही.”

दुपारी त्यांनी पत्र लिहिलं. ‘विषय: परसातील जुने बांधकाम पाडल्याबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सदर बांधकाम तीन कामगारांकरवी तीन दिवसांत संपूर्णपणे पाडण्यात आले आहे. माहितीस्तव सादर.’ मग प्रती. बांधकाम विभाग, हे ओघानंच आलं. पाणीपुरवठा, कारण जवळून नळ जात होता. आरोग्य, कारण धूळ उडाली होती. उद्यान, कारण एक कडुलिंबाची फांदी छाटावी लागली. मुख्याधिकारी, मान म्हणून. पाच झाल्या. पण नगरपालिकेच्या पुस्तिकेत शेवटच्या पानावर ‘वारसा जतन कक्ष’ असं एक नाव त्यांना दिसलं. त्यांच्या कचेरीत एखाद्या विभागाला प्रत गेली नाही तर तिथले लोक सहा-सहा महिने बोलत नसत. एकट्यालाच वगळलं असं वाटायला नको, म्हणून त्यांनी सहावी प्रत काढली. त्या रात्री ते पोटभर जेवले.

पाच विभागांनी पत्र न वाचता फाइलीत लावलं. आयुष्यात क्वचितच एखादं पत्र मिळणाऱ्या वारसा जतन कक्षानं मात्र ते तीनदा वाचलं आणि आठवड्यात उत्तर धाडलं. जाड लिफाफा, चौदा पानं.

जावकराव पत्र वाचत म्हणजे विषय आणि सही वाचत. मधलं लिहिणारे वेगळे आणि वाचणारे वेगळे, असं त्यांचं मत होतं. विषय होता: ‘यादीतील क्र. ११७, ऐतिहासिक बांधकाम विनापरवाना पाडल्याबद्दल कारवाई.’ ते मटकन सोफ्यावर बसले. मग निरुपायानं पहिलं पानही वाचलं. दंड होता, तो एकवेळ भरता आला असता. पुढे दोन कलमं होती. एक: बांधकाम तीन महिन्यांत मुळात होते तसेच, मूळच्याच विटांनी पुन्हा उभारावे. दोन: सदर जागेवर पाच वर्षे कोणतेही नवीन बांधकाम करता येणार नाही. 

“म्हणजे खोली नाही,” काकू म्हणाल्या. 

“पाच वर्षं नाही.”

काकूंनी सोफ्यामागची उशी काढली, दोनदा थोपटली आणि पुन्हा मागे ठेवली.  मग एवढंच म्हणाल्या: “पाच जणांनी वाचलं नव्हतं. सहाव्याला कशाला त्रास दिलात?”

जावकरावांना भलत्याच गोष्टीचा राग आला. “आणि बघ ना, ‘विनापरवाना’ म्हणतात! मीच कळवलं, आणि माझ्या पत्राचा साधा संदर्भही दिलेला नाही! जावक क्रमांक घातला होता मी!”

तज्ज्ञ सकाळी सातला आले, पेपरऐवजी नोटीस वाचली आणि मान हलवत म्हणाले, “मी तुम्हाला म्हटलंच होतं, आधी परवानगी घ्या.”

“तुम्ही?”

“आता ते उगाळून काय उपयोग? सोपं आहे. सांगा, वाऱ्यानं पडलं.”

“मी पत्रात तीन कामगारांनी पाडलं म्हणून लिहिलंय.”

“मग सांगा, वारा सुटला होता म्हणून ते तिघं आत आडोशाला गेले होते.”

दोन दिवसांनी वारसा कक्षाच्या अधिकारी बाई पाहणीला आल्या. वयानं जावकरावांच्या मुलीएवढ्या, हातात टेप, चेहऱ्यावर एखादा वडीलधारा माणूस गेल्यासारखं गांभीर्य. परसातल्या मोकळ्या जागेकडे बघत त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. जावकरावही शेजारी मान खाली घालून उभे राहिले. मग बाई रचलेल्या विटा मोजायला लागल्या.

“बाकीच्या कुठे आहेत?”

“वाटल्या.”

“वाटल्या म्हणजे?”

“म्हणजे, प्रेमानं दिल्या.”

“परत आणा,” बाई म्हणाल्या. “पानाचा ठसा असलेली प्रत्येक वीट. सुनावणी पुढच्या मंगळवारी आहे.”

कर्णावर ही पाळी आली नव्हती. जावकरावांनी ‘विषय: भेट दिलेल्या विटा परत करणेबाबत’ अशी तीन पत्रं लिहिली आणि स्वतःच पोचवायला निघाले. शिंप्यानं पत्र वाचलं आणि म्हणाला, “काका, पायरी आजच पक्की झालीय. गिऱ्हाईक चढून वर आलेत, ते उतरणार कसे?” तेव्हा आत माप द्यायला आलेल्या दोन बायकांना जावकरावांनी हात धरून खाली उतरवलं आणि मग पायरी उचलली. मुख्याध्यापिका बाईंनी पत्र दोन प्रतींत मागितलं. त्या मागणीनं जावकरावांचे डोळे भरून आले. या गावात आपल्याला समजून घेणारं एक तरी माणूस आहे, असं त्यांना वाटलं.

तज्ज्ञ हलेनात. “विटा ऐतिहासिक आहेत, होय ना? मग मी त्या जतनच करतोय. गुलाबाखाली.”

“ठीक आहे,” जावकराव म्हणाले. “तसं लिहून कळवतो. प्रत वारसा जतन कक्षाला.”

दुसऱ्या दिवशी सकाळी विटा हातगाडीवरून आल्या, शेणखतासकट. मागून तज्ज्ञ आले आणि त्या दिवशी पेपर न वाचता परत गेले. 

हे सगळं चाललं असताना काकू सोफ्यावर बसून होत्या आणि त्यांना दुसरं काम नव्हतं. म्हणून त्यांनी नोटीस वाचली. चौदाच्या चौदा पानं, परिशिष्टांसह, चष्मा पुसून. दुपारी दोन वेळा हसण्याचा आवाज आला, पण जावकराव विटा घासत होते. संध्याकाळी त्या म्हणाल्या, “सुनावणीला मी येणार.”

“अगं, कचेरी दुसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट बंद आहे.”

“माहितेय.”

सुनावणी तळमजल्यावर घ्यावी म्हणून जावकरावांनी पत्र पाठवलं. त्याची पोच आली: ‘आपला अर्ज विचाराधीन असून सुनावणीनंतर निर्णय कळविण्यात येईल.’

मंगळवारी काकू चव्वेचाळीस पायऱ्या चढल्या. नोटीस काखेत, दोन्ही हात कठड्याला, एक पाय वर, मग दुसरा त्याच्या शेजारी. प्रत्येक वळणावर बसल्या. जावकराव दोन पायऱ्या मागे होते, पडल्या तर धरायला, आणि काय करावं ते न कळून पायऱ्या मोजत होते. तिसाव्या पायरीवर काकूंनी डोळे मिटले आणि ओठ घट्ट आवळले. त्या क्षणी जावकरावांना स्वतःची विलक्षण लाज वाटली. आठ महिने ही बाई रोज अशी चढत होती आणि आपण दोन आठवडे संदर्भ क्रमांक दिला नाही म्हणून रुसून बसलो होतो.

“परत जाऊया,” ते म्हणाले. “मी बोलतो सगळं.”

“तुम्ही बोलू नका,” काकू म्हणाल्या. “तुम्ही खरं बोलता.”

समितीत तिघं होते. मध्ये अध्यक्ष, पांढऱ्या केसांचे वास्तुशिल्पी, ज्यांना शंभर वर्षांच्या आतल्या कुठल्याही गोष्टीत रस नसे. त्यांनी विचारलं, “गुन्हा कबूल आहे?”

“लेखी कबूल आहे,” जावकराव म्हणाले. “सहा प्रतींत.”

“मग प्रश्नच मिटला. दंड कायम. नव्या बांधकामाला पाच वर्षं मनाई कायम. आणि होतं तसं पुन्हा उभं करायचं.”

“मला एक विचारायचंय,” काकू म्हणाल्या. त्यांना अजून धाप लागत होती. “होतं तसं म्हणजे कसं हो?”

“मूळ नोंदीत आहे तसं. तंतोतंत.”

“तुमच्या परिशिष्ट ‘ब’ मध्ये आहे, तसं?”

अध्यक्षांचा चेहरा उजळला. परिशिष्ट ‘ब’ त्यांनी स्वतः लिहिलं होतं आणि ते आजवर कुणी वाचलं नव्हतं. “अगदी तसंच. एक इंच इकडे नाही, एक इंच तिकडे नाही.”

काकूंनी अकरावं पान काढलं. “‘खोली अकरा फूट बाय चौदा. पूर्वेस एक खिडकी. कोपऱ्यात मोरी. भिंतीत तीन कोनाडे. वर कौलारू छप्पर. दारास आतून कडी. वापर: गावच्या पहिल्या पर्जन्यनोंद कारकुनाचे निवासस्थान.’” त्यांनी चष्मा काढला. “आम्ही पाडलं ते याच्या निम्मंसुद्धा नव्हतं. छप्पर नव्हतं, मोरी आधीच गेली होती, दार तर मी लग्न होऊन आले तेव्हाही नव्हतं.”

“म्हणजे?” डावीकडचे सदस्य म्हणाले.

“म्हणजे आता ते सगळं बांधावं लागेल ना आम्हाला. मोरीसकट. आतल्या कडीसकट.” काकूंनी मोठा श्वास घेतला. “शिक्षा ती शिक्षा. आमची तयारी आहे.”

अधिकारी बाईंनी फाइल तोंडासमोर धरली आणि फाइल हलायला लागली. जावकरावांच्या डोक्यात हळूहळू उजेड पडत होता. त्यांनी ठरवलेली खोली दहा बाय दहाची होती. त्याहून मोठी मंजूरच झाली नसती.

“पण हे म्हणजे,” डावीकडचे सदस्य म्हणाले, “यांना शिक्षा म्हणून घरच...”

“तंतोतंत!” अध्यक्षांनी टेबलावर हात मारला. ते जागेवरून उठलेच होते. “परिशिष्ट म्हणजे परिशिष्ट! आणि हो, वापरही मूळचाच हवा. रिकामी खोली ठेवून अडगळ भरलेली मी चालवून घेणार नाही. तिथे माणूस राहिला पाहिजे, आणि त्यानं रोज सकाळी आठ वाजता पावसाची नोंद केली पाहिजे. पर्जन्यमापक आम्ही देऊ. नोंद इथे आली पाहिजे, रोज!”

“करतो!” जावकराव उठून उभे राहिले. रोजचा कागद, रोजचा क्रमांक! “मी स्वतः...”

“बसा,” काकू म्हणाल्या. “‘कारकुनाचे’ लिहिलंय. कारकुनांचे नाही. एकच माणूस राहू शकतो. मी राहीन.”

खोली बांधायला अडीच महिने लागले. गवंडी रोज म्हणायचा की साहेब, पाडायला तीन दिवस लागले होते. अधिकारी बाई दर शनिवारी टेप घेऊन येत आणि कोनाडा अर्धा इंच चुकला तर पाडायला लावत. त्या आता सोफ्यावर बसून चहा घेत आणि काकूंना ताई म्हणत. वरच्या भागाला नव्या विटा चालल्या, पण शेवटी मोजताना पानाच्या ठशाच्या एकोणीस कमी भरल्या. तज्ज्ञांनी त्या काहीही न बोलता रात्रीतून कुंपणापाशी आणून ठेवल्या. सकाळी मात्र सांगून गेले की ही सगळी कल्पना मुळात त्यांचीच होती.

पहिल्या दिवशी काकू आपली उशी काखेत घेऊन परसात गेल्या. सोफ्यामागून उशी निघाली ती कायमची. दार लागलं, आतून कडी सरकली. जावकराव रात्री एकटेच सतरा पायऱ्या चढून वर गेले. पायऱ्या जास्त झाल्यासारख्या वाटल्या. 

सकाळी ते नवं रजिस्टर घेऊन परसात आले. कोरडा, स्वच्छ दिवस होता. महिनाभर पावसाचा थेंबही पडायची शक्यता नव्हती, पण नोंद ती नोंद. त्यांनी स्वतःच्याच घराच्या दारावर टकटक केली.

“कोण?”

“मी.”

“काय काम आहे?”

“नोंद न्यायला आलोय.”

“आठ वाजायला अजून सहा मिनिटं आहेत. थांबा.”

जावकराव थांबले. आतून मोरीत पाणी ओतल्याचा आवाज येत होता. एक तांब्या, मग बऱ्याच वेळानं दुसरा. कुठेही घाई नव्हती. मध्ये काकू काहीतरी गुणगुणल्या. लग्नानंतर पहिल्या वर्षी त्या गुणगुणत, ते जावकरावांना आठवलं, आणि ते बंद कधी झालं ते मात्र आठवेना. त्याची कुठे नोंद नव्हती. ते दाराबाहेरच्या विटेवर बसून राहिले.

बरोबर आठला दाराखालून एक कागद सरकला. वर लिहिलं होतं: ‘पाऊस: शून्य.’

खाली एक रेघ मारून पुढे होतं: ‘विषय: चहाबाबत. एक कप आणून दारात ठेवावा. कडी आत्ताच काढणार नाही. प्रत: कुणालाही नाही.’

जावकरावांनी कागद दोनदा वाचला, मधल्या मजकुरासकट. मग रजिस्टरात क्रमांक एक घातला, तारीख घातली, आणि चहा ठेवायला गेले.